पाटीवर नाव काय लिहू

ऋचा, ओम,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आत्या शेवटी नक्की काय बनवत होती आणि ते आता कोण पूर्ण करणार. तुमच्या बाबाने, श्रीधरने, मध्येच फोन घेतला आणि विषय बदलला. माझा आवाज त्याला बरा वाटला नसावा. पण प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं की मला चैन पडत नाही. शिवाय येत्या रविवारी गिरणीचं दार लोकांसाठी उघडायचं आहे. दारावर पाटी लागेल आणि तिच्यावर कामाचं नाव मी माझ्या अक्षरात लिहायचं, असं समीरने ठरवून टाकलंय. समीर म्हणजे आत्याचा भागीदार, तारा आणि कॉम्प्युटरचं बघणारा. तुम्ही त्याला व्हिडिओवर पाहिलंय, दाढीवाला. कोरी पाटी माझ्या टेबलावर आडवी पडून आहे आणि मी तिच्याभोवती घिरट्या घालते आहे.

तुम्हाला सगळं नीट, क्रमाने सांगावं म्हणून मी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा चार ओळींच्या आत मी तिच्याशीच बोलायला लागले. तेव्हा आता तसंच लिहिते. तुम्ही शेजारी बसून ऐकता आहात असं समजा. वाचायला अडलं तर बाबाकडून मोठ्याने वाचून घ्या. त्याच्याही कानावर पडायला हवं.

अपर्णा,

भोरात 'स्टुडिओ' म्हटलं की लोकांना फोटोचा स्टुडिओ वाटणार, हे मी तुला आधीच सांगितलं होतं. बंद पडलेली भाताची गिरणी तू भाड्याने घेतलीस, दारावर स्टुडिओ म्हणून लिहिलंस आणि पहिल्याच आठवड्यात आंबवड्याहून एक आजोबा पासपोर्ट फोटो काढायला आले. तू त्यांना परत पाठवलं नाहीस. भिंतीपुढे उभं केलंस, मोबाईलवर फोटो काढलास आणि स्टँडजवळच्या दुकानातून छापून आणून दिलास. मग ते दर वर्षी यायला लागले. तू नक्की काय काम करतेस याबद्दल ज्याच्या मनात शंका नव्हती असा अख्ख्या तालुक्यात तो एकच माणूस.

मला मात्र कायम शंका. वाक्य पाठ होतं: आमची अपर्णा आकड्यांपासून अशा वस्तू बनवते की त्यांना हात लावता येतो, त्यांच्यावर बसता येतं. नातेवाइकांना मी हेच सांगत असे. ते "हो का" म्हणत आणि आमटी वाढून घेत.

एसटीचा बाक आठवतो? वेल्ह्याच्या गाडीला रोज किती उशीर होतो ते तू कितीतरी महिने टिपत होतीस आणि त्यातून तू तो बाक केलास. गाडीला जितका उशीर, तितका तो मधोमध खचत जायचा आणि दोन टोकांना बसलेली अनोळखी माणसं हळूहळू घसरत एकमेकांच्या खांद्याला टेकायची. पुण्यातल्या प्रदर्शनात मी बसले तेव्हा पलीकडे बँकेतले वाटावेत असे एक गृहस्थ होते. दोघांनी अंग चोरलं, कडा धरून ठेवल्या, तरी घसरलोच. शेवटी ते म्हणाले, मी पण भोरचाच. मग बाकाला गाडी आल्यासारखं वाटलं आणि तो सरळ झाला, पण आम्ही दोघं बोलतच बसलो. घरी येताना मी तुला विचारलं की यातून सिद्ध काय झालं. सरळ वेळापत्रक लावलं असतंस तर लोकांना काही उपयोग तरी झाला असता. तू गाडी चालवत होतीस.

"आई, तू आकड्यांना परीक्षेला बसवतेस."

मग तू कुठे बसवतेस, असं मी विचारलं. "बाकावर," म्हणालीस.

आपला कुठलाच वाद जागेवर संपत नसे. जेवताना टाकलेला दुसऱ्या दिवशी चहाला उचलायचा, ही आपली रीत. आता सकाळी आधण ठेवते आणि माझ्याकडे मुद्दा तयार असतो. समोर कोणी नसतं. मग तो मुद्दा दिवसभर माझ्यामागे घरात फिरतो. मी कपाटं आवरते. परवा आवरलेलं कपाट काल पुन्हा आवरलं, आज सकाळी त्यातलं सगळं पुन्हा बाहेर काढलं. शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, जरा स्वस्थ बसा. स्वस्थ बसायला मी खुर्ची शोधू लागले, तर प्रत्येक खुर्चीवर कपाटातलं काहीतरी.

आपला शेवटचा वाद नावाचा.

पोरांनो, इथे तुम्हाला एक शब्द समजावून द्यायला हवा. भाताची लावणी एकट्याच्या घरच्या माणसांनी होत नाही. पाऊस चालू असतो, रोपं उपटून ठेवलेली असतात, सगळं वेळेत उरकायचं असतं. म्हणून आज मी तुझ्या खाचरात लावायला येते, उद्या तू माझ्या खाचरात ये, असं चालतं. खाचर म्हणजे पाणी धरून ठेवणारं भाताचं शेत. या जाण्यायेण्याला सावड म्हणतात. मजुरी नाही, पैसे नाहीत. ज्याच्या खाचरात काम, त्याच्या घरची भाकरी, बस. आणि माणूस गेल्यावर, दहनानंतर अस्थी गोळा करायला जातात, त्याला म्हणतात सावडणं. दोन्ही शब्द कानाला सख्खे भाऊ.

तर अपर्णा, तू कामाला नाव दिलंस 'सावड', आणि मी म्हटलं, बदल. लोक दारावर वाचतील आणि चपला न काढताच मागे फिरतील. शुभ काम आहे, कशाला स्मशानाचा वास. तुझं म्हणणं, वेल्ह्याकडे दर पावसात हजार वेळा हा शब्द कानावर येतो, कोणी दचकत नाही. वर टोमणा मारलास की तुमच्या भोरच्या पेठेत तांदूळ पोत्यातून येतो, म्हणून तुम्हाला हा शब्द एकाच कामाला लागतो. मी म्हटलं, मी मराठीची नाही, इंग्रजीची बाई होते, तरी शब्दाला कसा वास येतो ते मला कळतं. तू म्हणालीस, इंग्रजी शिकवलंस म्हणूनच वास येतो, नाहीतर अर्थ आला असता. ते मला लागलं. तसं मी तुला सांगितलंही आणि दोन दिवस आपण फक्त भाजीविषयी बोललो.

मूळ काम मात्र मला पटलं होतं. हे मी तुला सांगितलं का? आठवून पाहते आहे. "दोर चांगले वळलेत" एवढं म्हटल्याचं आठवतं.

गुंजवण्याच्या बाजूची ती वाडी. तिची खालची खाचरं धरणात गेली. काही घरं वर सरकली, काही पार हायवेच्या अंगाला सपाटीवर राहायला गेली. पाणी यायच्या आधीच्या शेवटच्या लावणीला कोण कोणाच्या खाचरात गेलं होतं, एवढंच तुला गोळा करायचं होतं. सुरुवातीला तू आणि समीर टॅब घेऊन ओट्यांवर बसायचात आणि विचारायचात. लोक चहा द्यायचे आणि सांगायचे, सगळेच यायचे की सगळ्यांकडं. सगळ्या घरांतून तेच उत्तर. घरी येऊन तू वैतागून म्हणालीस की यांच्या बोलण्याचा नकाशा काढला तर एक गोळा होईल. मग हिराबाईंनी तुला सांगितलं, वाडीतल्या त्या वर राहिलेल्या घरच्या, की लावणीला या, मग बोलू, आता बसून काय आठवत न्हाई.

तू गेलीस. त्या पावसात तू त्यांच्या वरच्या खाचरात लावणीला उतरलीस आणि तुझ्या गळ्यात अडकवलेल्या आवाज टिपणाऱ्या यंत्रात सगळं उतरू लागलं. हात चिखलात असले की बायका आपोआप बोलत होत्या. हे रोप धरलं की मला धाकटी आठवती, ती लई भराभरा लावायची आन मागं वाकडी रांग टाकायची. कोणाच्या खाचरात कोण पडलं, कोणाच्या भाकरीबरोबर कोणाचं कालवण नावाजलं, कोण रुसून आलं नाही. तू संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन यायचीस आणि मी तुला मागच्या दारानेच आत घ्यायची. कंबर धरून जेवायचीस. मला म्हणायचीस, एक दिवस चल. मी म्हणायची, माझ्या गुडघ्यांना विचार. तू खरंच वाकून गुडघ्यांना विचारलंस एकदा. त्यांनी नाही म्हटलं, मी काय करणार.

त्या सगळ्यातून हे उभं राहिलं. गिरणीच्या तुळईला घायपाताचे जाड दोर, त्यांच्या पोटात तांब्याची तार. एक दोर म्हणजे वाडीतलं एक घर. तुम्ही एका घराचा दोर धरायचा. नुसता धरून काही होत नाही. त्या घरच्या लावणीला जे आलं होतं, त्या घराचा दोर दुसऱ्या कोणीतरी धरायला हवा. मग दोन्ही दोर हातात घुमू लागतात आणि वरून बोलणं ऐकू येतं, त्या दिवसाबद्दलचं, त्या खाचराबद्दलचं. एकट्याला काहीच नाही. चुकीची दोन घरं धरली तरी काही नाही. शोधावं लागतं, लोकांना हाका माराव्या लागतात. मी म्हटलं, एखादा बिचारा एकटाच आला तर. तू म्हणालीस, मग त्याने कोणाला तरी बोलवावं. मी म्हटलं, हा उद्धटपणा आहे. तू म्हणालीस, ही सावड आहे.

आणि तू नियमाला किती कडक होतीस, ते अण्णांच्या वेळी दिसलं. अण्णा म्हणजे त्याच भागातले बऱ्यापैकी जमीनवाले गृहस्थ. गाडीतून आले, गिरणी हिंडून पाहिली आणि म्हणाले, आमच्या घरचा दोर मधोमध लावा, छपराचे पत्रे मी देतो. छप्पर गळत होतं, हे त्यांनी बरोबर पाहिलं. तू विचारलंस, तुमच्या लावणीला सावडीने कोण आलं होतं. ते म्हणाले, सावडीने कशाला, आम्ही रोजाने लावतो. मग दोर नाही, म्हणालीस.

"म्हणजे एवढ्या लोकांत मलाच दोर नाही म्हणता?"

"चिखलात उतरला असतात तर असता. आणि तुमच्याकडे कोणी आलं असतं तर. दोन्ही लागतं."

ते हसले, पण चहा अर्धा ठेवून गेले. पत्रेही गेले. घरी मी तुला चांगलंच बोलले. दारात आलेल्या माणसाला असं कोणी बोलतं का, एक दोर जास्त लागला असता तर कोणाचं काय जाणार होतं. तू शांतपणे म्हणालीस की एक खोटा दोर टांगला तर बाकीचे सगळे नुसते दोर होतील. वादात अडले की मी भांडी घासायला घेते, ती घेतली.

त्या दिवशी सकाळी तू गिरणीतून फोन केलास. "आई, नावाचं मिटलं. संध्याकाळी आले की सांगते. तुला पटेल की नाही माहीत नाही, पण हसशील." मी म्हटलं, आत्ताच सांग की. म्हणालीस, नाही, तुझं तोंड बघत सांगायचंय.

दुपारी शिडीखाली बसलीस, समीरकडे पाणी मागितलंस. तो पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी हसणार होते ते काय होतं, अपर्णा? नाव बदललं होतंस की माझ्यासाठी एखादा बिनतोड मुद्दा शोधला होतास? समीरला विचारलं, त्याला काही बोलली नव्हतीस. तुझ्या टेबलावर काही लिहिलेलं नव्हतं. हे असं अर्ध्यावर टाकून जाणं तुला शोभलं नाही. तुझ्यावर रागवायला मला हक्क आहे, तो मी रोज थोडा थोडा वापरते.

तिसऱ्या दिवशीचं सांगते. घर माणसांनी भरलेलं. तुझा काका पुढच्या खोलीतून आत आला आणि हळू आवाजात मला म्हणाला, वहिनी, सावडण्याचं कसं करायचं, किती वाजता निघू या. मी म्हटलं, समीरला विचारा, त्याचं वायरिंग राहिलंय. काका माझ्याकडे बघत उभा राहिला. श्रीधरने माझा हात धरला. तेव्हा मला कळलं की तो कशाबद्दल विचारत होता. मी तुझ्यासारखीच हसले असते, पण घरात माणसं होती. नीरेच्या काठी मीही गेले. तिथून परत येताना मनात ठरवून टाकलं होतं, हा शब्द पाटीवर येणार नाही. तू माझं ऐकायला हवं होतंस.

तेरावं झालं. श्रीधर परत गेला, त्याला रजा नव्हती. समीर येऊन बसला. म्हणाला, काही दोर वळायचे राहिलेत, भिंतींना खाचराची माती लिंपायची होती ती झालेली नाही. पुण्यातल्या एका दालनाने विचारलंय, आहे तसं उचलून तिकडे नेऊ का. मी म्हटलं, ने. खरं सांगते, मला ते नजरेआड व्हायला हवं होतं. एक टेम्पो येईल, सगळं भरलं जाईल, किल्ली मालकाला जाईल. कसं नीटनेटकं.

टेम्पो आला तो दुसराच. गुंजवण्याकडून आलेला. त्यातून हिराबाई उतरल्या, मागोमाग आणखी बायका, दोन म्हातारे, घमेली, मातीची पोती, भाताचा तूस, घायपाताच्या वाखाचे, दोर वळायच्या धाग्यांचे, भारे. काही जणी हायवेकडच्या होत्या, त्या वाटेत बसलेल्या. मला वाटलं, भेटायला आल्या. मी चटई टाकली. हिराबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"बसायला न्हाई आलो, बाई. ताई आमच्याकडं लावणीला आली, आमचं यायचं ऱ्हायलं. गिरणीची किल्ली द्या."

मी किल्ली दिली. दुसरं काय करणार होते. समीरने पुण्याला फोन करून टेम्पो थांबवला.

त्या रोज सकाळी येत आणि उन्हं उतरली की जात. म्हातारे दोर वळत, बायका भिंती लिंपत. मी घरी बसून काय करणार, पिठलं-भाकरी करून नेऊ लागले. इतक्या भाकऱ्या मी आयुष्यात एका दमात केल्या नव्हत्या. पहिल्या दिवशीच्या पाहून एक बाई म्हणाली, बाईंनी वह्या तपासत थापल्या वाटतं, कडंला लाल हायेत. सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, आणि मग घर सुतकात असताना हसल्यासारखं वाटून बाहेर जाऊन उभी राहिले. हिराबाई मागून आल्या. हाताला लागलेली माती बोटाने सोलत उभ्या राहिल्या. आत कोणीतरी कोणालातरी ओरडत होतं की सावडीला आलीयस का गप्पा हाणायला. तो शब्द. दिवसातून इतक्या वेळा कानावर येत होता की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी दचकायची थांबले.

मग त्यांनी दोर मागितला. तुझ्यासाठी. म्हाताऱ्यांनी तो परस्पर वळूनही ठेवला होता, इतरांपेक्षा जरा बारीक, ताईची चण बारीक होती म्हणून. समीर एकदम अवघडला. म्हणाला, हे काम त्या एका लावणीचं आहे, पाणी यायच्या आधीचं. ताई तर नंतर आली. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अपर्णा, मी नाही म्हटलं. तुझी आई आहे म्हणून तुझा दोर टांगायचा, हे तुला चाललं नसतं. अण्णांना तू काय सांगितलंस ते मी त्यांना शब्दाला शब्द सांगितलं. दोन्ही लागतं. ती तुमच्या चिखलात उतरली, कबूल. पण तिच्याकडे कोण आलं होतं?

माझं बोलणं मला बिनचूक वाटलं. तू असतीस तर मान डोलावली असतीस. हिराबाई घमेल्यातली माती कालवत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

"मग आमी हितं काय करतोय, बाई?"

दुसरी बाई म्हणाली, "आन तुमी भाकऱ्या थापताय त्या कशाला? पाव्हण्यास्नी?"

ज्याच्या खाचरात काम, त्याच्या घरची भाकरी. मी इतके दिवस डोक्यावर टोपलं घेऊन तुझ्या खाचरात भाकरी पोचवत होते आणि मला वाटत होतं, मी त्यांचं आदरातिथ्य करते आहे. समीर माझ्याकडे बघून दाढीतल्या दाढीत हसला. मी म्हटलं, लाव दोर.

आता त्या दोरात आवाज कोणता घालायचा. तुझ्या हुकमावरून समीरने प्रत्येकीच्या बोलण्यातून तुझा आवाज कापून काढला होता. मला लोकांनी ऐकायचं नाही, म्हणायचीस. पण समीर काही फेकून देत नाही. कापलेले तुकडे त्याने जपून ठेवले होते, ते जोडले. दोर खिडकीजवळ टांगला. मी तुझा धरला, हिराबाईंनी त्यांच्या घरचा. दोर घुमला आणि वरून तू बोललीस. धाप लागलेली, वाकलेली, पावसात.

"आणि मग?"

मग नुसता पाऊस. मग, "कोण, धाकटी?" मग, "थांबा, थांबा, माझी मूठ सुटली." मग पुन्हा, "आणि मग?" आणि मधेच एकदा, कंबर सरळ केली असशील, "आई गं."

ते सगळेच म्हणतात. मला माहीत आहे. समीरने घाईने विचारलं, हे काढून टाकू का. मी नको म्हटलं. हिराबाईंनी दोर सोडला नाही, म्हणून मीही सोडला नाही. तुकडे संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तू पुन्हा विचारलंस, आणि मग. मला पुष्कळ सांगायचं होतं, पण बायका ऐकत होत्या. ऋचा, ओम, तुम्ही याल तेव्हा एक जण तिचा दोर धरा, एक जण हिराबाईंचा. आधी कोणी कोणता धरायचा यावरून भांडू नका. दोन्हीकडे तीच ऐकू येते.

काल काम उरकलं असं मला वाटलं. भिंती वाळल्या होत्या, छान सपाट, कुठे भेग नाही. मी फिरून पाहत होते तर दाराजवळ, उजव्या हाताला, हातभर भिंत तशीच. जुना चुना, त्यावर कोणीतरी पेन्सिलीने काढलेल्या रेघा. माती उरली होती, वेळही होता. मी हिराबाईंना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि घमेलं पालथं घालून टेम्पोत टाकलं.

"तेवढं ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, अहो, रविवारी लोक येणार, दारातच ते दिसतंय.

"दिसू द्या की. आमच्यात थोडं ठेवायचं असतंय, बाई. समदं फिटलं तर पुढच्या साली कुणी कुणाकडं कशाला जायाचं?"

मला हे पटलेलं नाही. काम पुरं करावं आणि मग नातंही ठेवावं, दोन्ही जमतं, असं माझं मत आहे. तुझं काय म्हणणं असतं ते मी ऐकू शकते, आणि त्यावर माझं उत्तरही तयार आहे. रात्रभर ते आपलं चाललंच होतं. सकाळी उठून थोडी माती कालवून ती भिंत स्वतः लिंपावी असंही मनात आलं. घमेलं काढलं, पाणी आणलं, आणि गिरणीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. हिराबाईंनी मला यायला निमित्त ठेवलं आहे की स्वतःला, हे मी त्यांना विचारलं नाही.

पाटी आत्ता लिहिली. तू संध्याकाळी काय सांगणार होतीस ते मला माहीत नाही. नाव बदललं असशील तर मला माफ कर, आणि नसेल बदललं तर एवढं मिरवू नकोस. मी तो शब्द लिहिला तो तुझ्या मुद्द्याला हरून नाही. इतके दिवस भाकऱ्या वाढताना तो माझ्याच तोंडी बसला, म्हणून. काल सुमनताईंनी विचारलं, कुठे चाललात रोज टोपलं घेऊन, तर मी म्हटलं, सावड आहे आमच्याकडे. त्या दचकल्या. मी त्यांना तुझ्याइतकं छान समजावू शकले नाही.

रंग ओला आहे. 'व' जरा उजवीकडे झुकला आहे, पण वाचता येतो.

गिरणी रविवारी उघडेल. तुळईला वाडीतल्या घरांचे दोर आहेत आणि खिडकीजवळ तुझा आहे. तो धरून दुसऱ्या कोणी जोडीचा धरला की तुझा आवाज येतो. दाराजवळची हातभर भिंत लिंपायची राहिली आहे.